डॅश न कापता : १९७२ च्या शेवरोले पिकअपच्या आवाजाच्या नोंदी

१३ एप्रिल २०२४, शनिवार

बर्फ एकदाचा गेला. सहा महिने गॅरेजमध्ये चादर पांघरून उभी असलेली गाडी आज बाहेर काढली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शेवरोले सी-१०, १९७२, सहा सिलिंडरचं २५० घन इंचाचं इंजिन, तीन गिअर, तेही स्टिअरिंगच्या दांड्याला. ज्यांनी अँबेसिडर चालवली आहे त्यांचा हात आपोआप बरोबर जागी जातो, माझा गेला. गेल्या ऑक्टोबरात इंडियानातल्या एका शेतकरी कुटुंबाकडून घेतली आणि इकडे डेट्रॉईटजवळ आणली. दारांखालचे पत्रे, म्हणजे रॉकर पॅनेल, नवे आहेत. मिशिगन-इंडियानाच्या रस्त्यांवरचं मीठ या गाड्यांना खालून खातं, त्यामुळे जुने असते तर उलट शंका आली असती.

घेण्याचं खरं कारण रंग नव्हे, इंजिनही नव्हे. डॅशबोर्ड. या पिढीच्या, म्हणजे १९६७ ते १९७२ च्या, दहा गाड्या बघा. बहुतेकींच्या डॅशला कुणीतरी कधीतरी करवत लावलेली असते. कॅसेट प्लेअर आले, त्यांचं तोंड चौकोनी, डॅशमधली जागा लहान, मग पत्रा कापा. एकदा कापलेला पत्रा परत येत नाही. माझ्या गाडीचा डॅश अखंड आहे आणि त्यात मूळचा डेल्को रेडिओ बसलेला आहे: फक्त एएम, पाच बटणं, दोन नॉब, ५४ पासून १६० पर्यंतची पट्टी (शेवटचं शून्य गाळलेलं, म्हणजे ५४० ते १६०० किलोहर्ट्झ). डेल्कोचा कारखाना इंडियानातच, कोकोमो गावी होता. म्हणजे गाडी घेतली तीही रेडिओच्या माहेराहूनच.

रेडिओ अर्थातच बंद आहे.

गॅरेजच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलं: गाडीला एकही नवं भोक पाडायचं नाही. रेडिओच्या पोटात आधुनिक सर्किट भरायचं नाही. आणि जे काही नवं बसेल ते एका दुपारात काढून गाडी होती तशी करता आली पाहिजे. लेकीने वाचलं आणि खाली लिहिलं, "पण गाणी माझ्या फोनवरून वाजली पाहिजेत." रास्त आहे.

मुदत: १७ ऑगस्ट. त्या दिवशी वुडवर्ड ड्रीम क्रूझ आहे. १९९५ पासून, २०२० सोडलं तर, दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग लागते. गेली काही वर्षं फुटपाथवर खुर्ची टाकून बघितली. यंदा रांगेत असायचंय.

२० एप्रिल

रेडिओ काढला. नॉब ओढून काढले, मागचे दोन नट, खालची एक पट्टी, अँटेनाची तार, आणि पंचेचाळीस मिनिटं उताणं पडून डोळ्यांत गंजाचा चुरा. रेडिओ हातात आला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तो किती जड आहे. पाठीमागे उष्णता बाहेर टाकणारी चांगली जाड हीट सिंक आणि तिच्यावर एकच मोठा पॉवर ट्रान्झिस्टर. जर्मेनियमचा.

वरचा स्पीकर काढला तर अर्धा कागद उंदरांनी नेलेला. मागे छाप आहे: १० ओहम.

सकाळी साडेआठ, म्हणजे मिरजेत संध्याकाळचे सहा. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांचं मिरजेत एकतीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद होऊन बराच काळ झाला, पण मीटर अजून उशाशी असतो. मी कॅमेरा रेडिओच्या पाठीवर धरला आणि ते चष्मा वर करून बघत राहिले.

"जर्मेनियम. आपल्याकडं एसी वनट्वेंटीएट ट्रान्झिस्टर असायचे, हा त्यांचा आजोबा आहे. एकच आहे ना? जोडी नाही?"

"एकच आहे बाबा."

"मग क्लास ए. गाणं वाजो न वाजो, करंट तेवढाच ओढणार. आणि ऐक, स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नको. पहिलं काम स्पीकर, मग बॅटरी."

बरोबरच होतं. या जुन्या डेल्को रेडिओंना स्पीकरविना चालू केलं तर आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. आणि उलट बाजूने, आजकालचा ४ ओहमचा स्पीकर लावला तर तो १० ओहमसाठी बनवलेल्या ट्रान्झिस्टरवर भार टाकतो. दुकानात मिळणारे बहुतेक मोटारींचे स्पीकर ४ ओहमचे. "जुना रेडिओ होता, नवा स्पीकर लावला, महिन्यात जळला" ही गोष्ट इथे मी तिघांकडून ऐकली आहे.

टेबलावर १० ओहमचा जाड रेझिस्टर स्पीकरच्या जागी, वर जुना घरचा स्पीकर हलका जोडलेला, १२ व्होल्टचा सप्लाय. चालू. ०.९ अँपिअर. फट-फट-फट-फट असा आवाज, जणू लांबून मोटरबोट येतेय. स्टेशन एकही नाही.

"कंडेन्सर," बाबा म्हणाले. त्यांनी ते रेडिओ न बघता, आवाजावरूनच सांगितलं.

२७ एप्रिल

मी कपॅसिटर म्हणतो, बाबा कंडेन्सर म्हणतात, मेला तो एकच. अ‍ॅल्युमिनियमच्या एका डब्यात तीन भाग, बावन्न वर्षांत आतला ओलावा वाळून गेलेला. डबा जागेवरच ठेवला, त्याच्या तारा सोडवल्या आणि नवे तीन खाली लपवले. रेडिओच्या पोटात आधुनिक सर्किट नाही या नियमात हे बसतं का? बसवलं. कंडेन्सर बदलणं म्हणजे दिव्यात तेल घालणं, दिवा बदलणं नव्हे.

व्हॉल्यूमच्या नॉबमध्ये क्लीनरचे दोन थेंब टाकून पन्नास वेळा फिरवला. खरखर गेली. बटणांची यंत्रणा फक्त पुसली. ही बटणं मला फार आवडतात. स्टेशन लावायचं, बटण बाहेर ओढायचं, परत आत दाबायचं, झालं. स्टेशन त्या बटणाच्या लोखंडात लक्षात राहतं. बॅटरी काढा, वर्षभर ठेवा, विसरत नाही.

दुपारी सव्वातीनला ७६० वर डब्ल्यूजेआर लागलं. पन्नास किलोवॅटचं स्टेशन आहे, तारेचा तुकडा अँटेना म्हणून पुरला. हवामानाचा अंदाज सांगत होते. संध्याकाळी पाऊस. लेक गॅरेजच्या दारात येऊन म्हणाली, "हे एवढंच?" मी म्हणालो, हो, हे एवढंच.

४ मे

लेकीची अट. सोपा मार्ग आधी बघितला: अँटेनाच्या तारेत बसणारा छोटा एएम मॉड्युलेटर. फोनचं गाणं एएम लहरीवर चढवून रेडिओला खाऊ घालायचं. रेडिओला वाटतं स्टेशन लागलंय. कुठे कापाकापी नाही. उधार आणून टेबलावर लावून बघितला.

बोलणं उत्तम. गाणं... एएम रेडिओचा गाळणारा भाग साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापतो. तबल्याची चाट जाते, तानपुरा धुक्यात जातो, झांज उरतच नाही. ही रेडिओची चूक नाही, त्याला तेवढंच काम दिलेलं होतं. बायकोने ऐकलं आणि म्हणाली, "असं वाटतंय गाणं शेजारच्यांच्या घरी चाललंय."

तेव्हा ठरलं. रेडिओ आपला रेडिओच राहील, स्वतःच्या स्पीकरमधून, डॅशच्या वरच्या जाळीतून, १९७२ मध्ये जसा बोलायचा तसा. गाण्यांसाठी दुसरी वेगळी व्यवस्था, जी कुणाला दिसणार नाही. दोघांची तार एकमेकांत मिसळायची नाही. हे वाक्य लिहिताना फार हुशार वाटलं होतं. पुढे वाचा.

११ मे

सीट काढली आणि नाक मुरडलं. पेट्रोल.

या पिढीच्या शेवरोले पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे उभी असते. सुमारे २० गॅलन, म्हणजे ७५ लिटरच्या आसपास. पाठ टेकायची तिच्या पलीकडे चार इंचांवर टाकी. १९७३ च्या मॉडेलपासून ती बाहेर गेली. तोवर लाखो लोक तिला पाठ लावून जेवणाचे डबे खात होते.

म्हणजे सीटच्या मागे अ‍ॅम्प्लिफायर, सब-वूफर वगैरे जे इतर गाड्यांत करतात ते इथे बाद. केबिनमध्ये सोल्डरिंगची इस्त्री नेणंही बाद. सगळे जोड टेबलावर करायचे किंवा गाडीत दाबून बसवायचे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवली, दोन्ही दारं उघडी, गॅरेजचं दार उघडं. सब-वूफर या गाडीत नाहीच, निर्णय झाला. वाईटही वाटलं नाही.

पण वास का येतोय? टाकी भरलेली असतानाच जास्त येतो, असं जुन्या मालकांनी सांगितल्याचं आठवलं. मग वरच्या बाजूला शोध. इंधनाची पातळी मोजणाऱ्या युनिटखालचं गॅस्केट बिस्किटासारखं तुटलं. भरायच्या नळीच्या रबरालाही भेगा. गाणी थांबवा, आधी हे.

२७ मे

मेमोरियल डेची जोडसुट्टी याच्यात गेली. नवं गॅस्केट, नवी नळी, नव्या क्लिपा. टाकी पूर्ण भरून काचा बंद करून एक रात्र ठेवली. सकाळी दार उघडून नाक आत घातलं. जुन्या रेक्झिनचा वास, बस.

१ जून

हिशेब. या गाडीचा अल्टरनेटर कागदावर ३७ अँपिअरचा आणि त्याचा रेग्युलेटर वेगळा, बॉनेटखाली स्वतंत्र डबीत, आत कंप पावणारे संपर्क. दिवे, हीटरचा पंखा, इग्निशन यांतून फार काही उरत नाही. म्हणून छोटा क्लास डी अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर), दोन चॅनेल, प्रत्येकी ६० वॉट. पूर्ण जोरात १२० वॉट, ऐंशी टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीतून १५० वॉट, म्हणजे सुमारे ११ अँपिअर. प्रत्यक्ष गाण्यात सरासरी याच्या निम्म्याहून कमी. चालेल. १० गेजची तार, बॅटरीपासून एक वीतभर अंतरावर २० अँपिअरचा फ्यूज. बॅटरी उजवीकडे आहे, तिच्याच बाजूच्या पत्र्यात मुळातच एक रबरी बूच होतं, कुठल्यातरी न घेतलेल्या सोयीसाठी ठेवलेलं. तार त्यातून. भोक न पाडता आत.

क्लास डी घेतला कारण तो गरम होत नाही आणि कमी खातो. पुढे याच गोष्टीसाठी डोकं धरणार आहे.

अ‍ॅम्प सीटखाली, प्लायवूडच्या तुकड्यावर, आणि प्लायवूड सीटच्याच बोल्टांना. टाकीपासून जितका लांब जाईल तितका पुढे.

१५ जून

दारं कापायची नाहीत म्हणून स्पीकर पायाशी. दोन्ही बाजूंना कोपऱ्यात मूळचे किक पॅनेल आहेत, त्यात हवेची झडपही आहे. तशाच आकाराचे, साडेसहा इंची स्पीकरची जागा असलेले पॅनेल मिळतात आणि ते मूळच्या स्क्रूंच्या भोकांनाच बसतात. मूळचे पॅनेल कागदात गुंडाळून माळ्यावर, वर तारीख. ही तारीख घालायची सवय बाबांची. त्यांच्या दुकानात प्रत्येक काढलेल्या भागाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असायची.

कोपऱ्यात पाणी येतं. काचेखालच्या जाळीतून शिरलेलं पावसाचं पाणी तिथूनच वाट काढतं, म्हणूनच ही गाडी तिथेच सडते. स्पीकरच्या मागे फोमचे कप लावले, खालचा भाग उघडा ठेवून, म्हणजे पाणी साठणार नाही.

जमिनीवर रबरी चटईखाली दोन मिलिमीटरची ब्यूटिलची चादर. रोलरने दाबून दाबून बसवली, लेकीने अर्धी केली. दार लावल्यावर आधी पत्र्याचा डबा आपटल्यासारखं व्हायचं, आता "ठप्प" होतं. गाणं लागायच्या आधीच गाडी दहा हजारांनी महाग वाटू लागली. (रुपये की डॉलर, विचारू नका.)

डॅशच्या स्पीकरला १० ओहमचा मिळाला नाही, ८ चा मिळाला. त्याच्याशी रांगेत २ ओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर. आठ आणि दोन दहा. बाबा म्हणाले, "एवढं गणित तुला येतंय म्हणजे फी वसूल."

२२ जून

पहिल्यांदा वाजलं. ब्लूटूथ रिसीव्हर ग्लोव्ह बॉक्सच्या पुठ्ठ्यामागे, अ‍ॅम्पचा आवाजाचा नॉब अ‍ॅशट्रेच्या आत. अ‍ॅशट्रे ओढा, आवाज वाढवा, ढकला. बाहेरून गाडी १९७२ ची. लेकीने आपलं काहीतरी लावलं, मग मी भीमसेन लावले, आणि सहा सिलिंडरच्या घरघरीवरही तानपुऱ्याच्या चारही तारा वेगळ्या ऐकू आल्या.

मग खुशीत जुना रेडिओ चालू केला.

खरखर. साधी नव्हे, पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठे शिट्टी, कुठे करवत, मध्ये मध्ये ७६० चा माणूस बुडणाऱ्यासारखा एखादा शब्द बोलतोय. अ‍ॅम्प बंद केला. स्वच्छ. अ‍ॅम्प चालू. करवत.

अ‍ॅम्पवर गाणं नसलं तरी तेच.

२९ जून

कारण कळायला वेळ लागला नाही, पटायला लागला. क्लास डी अ‍ॅम्प आवाजाची लहर सरळ मोठी करत नाही. तो सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतो आणि ते सरासरीने आवाज बनवतो. ते काही लाख म्हणजे शेकडो किलोहर्ट्झ, आणि त्यांच्या दुप्पट, तिप्पट लहरी बरोबर एएमच्या पट्टीत, ५४० ते १६०० किलोहर्ट्झमध्ये, येऊन बसतात. ब्लूटूथ रिसीव्हरचा १२ वरून ५ व्होल्ट करणारा तुकडा तोच उद्योग लहान प्रमाणात करतो. म्हणजे मी रेडिओच्या मांडीवर एक छोटं ट्रान्समीटर बसवलं होतं.

विजेच्या गाड्यांतून काही कंपन्यांनी एएम काढायला घेतला तो याच कारणाने. तिथे इन्व्हर्टर आहे, इथे माझा अ‍ॅम्प. अमेरिकेत त्यावर संसदेत विधेयकही आलं. मला तेव्हा ते म्हाताऱ्यांचं भांडण वाटलं होतं.

तारांवर अशा लहरी अडवणाऱ्या फेराइटच्या कड्या घातल्या. तारा लांबवल्या, जवळ आणल्या, पिळल्या. अ‍ॅम्पला पत्र्याची पेटी करून ती अर्थ केली. करवत निम्मी झाली, गेली नाही. असं चालू-बंद न करणारा, क्लास एबीचा अ‍ॅम्प घेतला तर मिटेल, पण तो तापणार, करंट खाणार, आणि टाकी चार इंचांवर.

बायकोचं म्हणणं: "दोन्ही एकदम ऐकणार आहात का तुम्ही?"

नाही.

"मग?"

६ जुलै

खरंच, मग? रेडिओ चालू झाला की अ‍ॅम्प आणि ब्लूटूथ दोन्ही आपोआप मेले पाहिजेत. वेगळं बटण नको. बटण म्हणजे भोक, आणि बटण म्हणजे विसरणं. रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारा स्विच, घालायला सोपं, पण रिलेला कळणार कसं की रेडिओ चालू झाला? रेडिओच्या नॉबमागच्या स्विचनंतरची तार आतच संपते, बाहेर येत नाही. पट्टीचा दिवा डॅशच्या दिव्यांवर चालतो, रेडिओच्या स्विचवर नाही. आत एक तार जोडून बाहेर आणावी तर नियम मोडतो.

बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मला वाटलं नेटवर्क गेलं.

"करंट किती म्हणालास?"

"पॉइंट नऊ."

"आवाज कमी केला तरी?"

"तरी तेवढाच. क्लास ए."

"मग रेडिओच सांगतोय की तुला. रीड स्विच माहितीये का? काचेची नळी, आत दोन पत्र्या. पूर्वी मापायला वापरायचो. त्याच्याभोवती रेडिओच्या तारेचे वेढे दे. करंट वाहिला की चुंबक, चुंबक झालं की पत्र्या चिकटल्या, स्विच लागला. रेडिओला हात लावायचा नाही."

मी इंजिनिअर आहे. पिंपरीत आठ वर्षं आणि इथे बारा वर्षं मोटारींच्या इलेक्ट्रिकलमध्येच काढली. हे मला सुचायला हवं होतं.

१३ जुलै

पाच रीड स्विच मागवले. दोन पहिल्याच तासात फुटले: पाय वाकवताना काचेजवळ पकडीने धरावा लागतो, नाहीतर काच तडकते. बाबांनी हे सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

रीड स्विचच्या कागदावर लिहिलेलं असतं किती अँपिअर-वेढ्यांना तो मिटेल. माझ्याकडचा साधारण २०. करंट ०.९, म्हणून २० वेढे दिले तर १८. हलला नाही. अर्थात. ३० वेढे दिले, २७ झाले. "टिक." इतका बारीक आवाज की गॅरेजचा पंखा बंद करून ऐकला. एक मिलिमीटरची इनॅमलची वाइंडिंग वायर, बॉलपेनच्या रिकाम्या नळीवर गुंडाळलेली, नळीत रीड. रेडिओला येणाऱ्या तारेच्या मधोमध, दोन टोकांना मूळच्यासारखेच प्लग, म्हणजे काढायचं तर ओढलं की निघालं. एवढ्या तारेने रेडिओच्या वाट्याचं व्होल्टेज मीटरवर दिसेल इतकंही पडत नाही.

रीड थेट अ‍ॅम्पला नको, तो नाजूक. रीडने पाच पायांचा साधा मोटारीचा रिले चालवायचा, रिलेच्या कॉइलवर एक डायोड उलटा, म्हणजे कॉइल सुटताना ठिणगी रीडवर येत नाही. अ‍ॅम्प जागा करणारी बारीक तार आणि ब्लूटूथचा सप्लाय, दोन्ही रिलेच्या ८७ए या पायावरून: रिले झोपलेला असताना जोडलेल्या, उठला की तुटलेल्या. रिले डॅशखाली, टाकीपासून दूर.

टेबलावर सगळं झकास. नॉब फिरवला, कट्, रेडिओ. परत फिरवला, कट्, दोन सेकंद शांतता आणि गाणं. लेकीने वीस वेळा केलं.

२० जुलै

गाडीत बसवलं. अ‍ॅम्प मेलेला. रेडिओ बंद, तरी मेलेला.

दोन तास. फ्यूज बघितले, प्लग बघितले, रिले बदलला. रीड स्विच मिटूनच बसलेला, करंट नसतानाही. काढून टेबलावर आणला तर शहाणा. परत गाडीत, परत वेडा.

मग लक्षात आलं की मी तो रेडिओच्या डोक्यावर बांधलाय आणि त्याच्या तीन इंच वर डॅशच्या स्पीकरचं चुंबक आहे. रीडला काय माहीत चुंबक कुणाचं. तार लांबवून त्याला ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूला, एक फूट लांब, नेलं. चाललं.

बाबा इतके हसले की आईने फोन घेतला. "काय झालं रे? ह्यांना ठसका लागलाय."

२७ जुलै

आता रेडिओचे जुने रोग. इंजिन चालू केलं की टिकटिक, वेग वाढवला की जलद टिकटिक: इग्निशन. रेझिस्टरवाल्या प्लग-तारा नव्या घातल्या, अर्धी गेली. उरलेली अर्धी इंजिन आणि फायरवॉल (केबिनच्या पुढचा पत्रा) यांच्या मधली जाळीची अर्थिंगची पट्टी नव्हती म्हणून. दोन बोल्ट होते, पट्टी कधीच गळून पडलेली. सात डॉलरची पट्टी. टिकटिक बंद.

अँटेनाच्या तारेजवळ रेडिओच्या बाजूला एक लहानसा स्क्रू असतो. १४०० च्या जवळपास एखादं दुबळं स्टेशन लावायचं आणि तो आवाज सगळ्यात मोठा होईपर्यंत हलके फिरवायचा. गाडीची अँटेना आणि रेडिओ यांची ही ओळख करून द्यावी लागते. पाव फेरी. बस तेवढ्याने ९५० वर डब्ल्यूडब्ल्यूजे आणि नदीपलीकडचं कॅनडातलं, विंडसरचं ८०० पुढच्या खोलीतून बोलल्यासारखं आलं. ही गाडी नवी होती तेव्हा डेट्रॉईटची पोरं ते ८०० च ऐकायची.

नव्या बाजूलाही एक बारीक शिट्टी होती, इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी. ब्लूटूथ आणि अ‍ॅम्प दोघांची अर्थ वेगवेगळ्या ठिकाणी घेतली होती. एकाच बोल्टवर आणली. गेली.

१० ऑगस्ट

रात्री अकराला मी आणि लेक उत्तरेला निघालो, कुठेही नाही, नुसते. शहराचे दिवे मागे पडल्यावर काटा हळूहळू डावीकडे नेला. ७०० वर सिनसिनाटी. ६५० वर नॅशव्हिल, पाचशे मैलांवरून, मध्येच विरून जाणारं आणि परत येणारं. तिला समजावलं की रात्री आकाशातला एक थर या लहरी परत खाली फेकतो, दिवसा खालचा थर त्यांना गिळतो. ती म्हणाली, "म्हणजे इंटरनेट नाही?" नाही. "मग ते कोण आपल्याला पाठवतंय?" आपल्याला असं कुणी नाही. ते नुसते पाठवतायत.

सिग्नलला उभं असताना हेडलाइट जरा मंद होतात, पंखा आणि अ‍ॅम्प दोन्ही असले की. ३७ अँपिअरची मर्यादा. चालतं, पंखा एक घर कमी.

परतताना तिने रेडिओ बंद केला नाही, फोनही काढला नाही. घरापाशी आल्यावर काढला.

१७ ऑगस्ट

वुडवर्ड. सकाळी आठपासून रांगेत, ताशी दहा मैल, त्यामुळे इंजिनच्या तापमानाचा काटा वर आणि माझं लक्ष तिकडेच. एक म्हातारे गृहस्थ खिडकीत वाकून म्हणाले, डॅश कापलेला नाही! मग रेडिओकडे बोट दाखवून विचारलं, चालतो का. नॉब फिरवला. बाकी काही विचारलं नाही, बराच वेळ खिडकीतच उभे होते. मागच्याने हॉर्न दिला.

अ‍ॅशट्रे कुणीही उघडला नाही.

२४ ऑगस्ट

उरलेली कामं: उजव्या किक पॅनेलचा एक स्क्रू आटे धरत नाही. बॅटरीजवळच्या फ्यूजला झाकण. जोडणीचा नकाशा.

नकाशा काढला, स्वच्छ, वहीच्या पानावर, प्रत्येक तारेचा रंग लिहून, आणि फोटो मिरजेला पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं, त्यावर लाल पेनाने गोल केलेला.

"डायोड उलटा काढलायस. पट्टी प्लसकडं पाहिजे."

गाडीत जाऊन, उताणं पडून, टॉर्च लावून बघितलं. गाडीत बरोबर आहे.

"मग कागद दुरुस्त कर," बाबा म्हणाले. "पुढं जो उघडेल तो कागद बघून जोडणार."

दुरुस्त केला. घडी घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये, पुठ्ठ्याच्या मागे, रीड स्विचच्या शेजारी.